कुशीवर नापास

कुणाचंही कौतुक ऐकलं की रखमाताई ढमाले आधी विचारत, "कुटल्या कुशीवर?" आमच्या सोसायटीचे नवे चेअरमन फार सज्जन आहेत, असं मी एकदा डबा खाताना म्हणालो. "कुटल्या कुशीवर बघितलंत? उताणं का पालथं?" ताईंनी हातातला घास तसाच ठेवून उलटतपासणी सुरू केली. चेअरमनना मी फक्त जिन्यात भेटलो होतो, तेही पाण्याचा टँकर येऊन गेल्यावर.

भुकूमला आमचा लहानसा कारखाना आहे. चावीची घड्याळं, आतलं मशीन हातानं जुळवलेलं. मी विक्री बघतो. ताई तपासणीच्या प्रमुख होत्या. मूळच्या कोळवणच्या, आणि आवाजही या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. प्रत्येक मशीन त्या उताणं ठेवत, पालथं ठेवत, मग एकेका कुशीवर उभं करत. गारव्यात ठेवत, उबेत ठेवत, टिकटिक ऐकणाऱ्या यंत्राला लावत. सगळीकडे चाल मर्यादेत राहिली, तरच सर्टिफिकेटवर सही. "उताणं पडल्यावर समदीच शानी असत्यात," त्या म्हणत. "उभं केलं की कळतंय."

नापास मशीन ज्यानं जुळवलं त्यानंच सुधारायचं, नाहीतर त्यानंच उकलून भाग डबीत टाकायचे, हा नियम त्यांचाच. तपासणाऱ्यानं हत्याराला हात लावायचा नाही, हाही त्यांचाच. मालकांना हे जरा डोईजड व्हायचं. पण गिऱ्हाईक ताईंच्या सहीवर डोळे मिटून विसंबायचं, म्हणून ते गप्प बसत.

ताईंचे यजमान निवृत्तीअण्णा आमचे सगळ्यात जुने कारागीर. कारखान्यात तेही त्यांना "बाई" म्हणत. मागच्या साली अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. निवृत्त होण्याआधी त्यांनी एक शेवटचं मशीन जुळवायला घेतलं. ते पास झालं तर त्यावर अण्णांचं नाव कोरून ते दर्शनी कपाटात कायमचं ठेवू, असं मालकांनी कबूल केलं. उभ्या आयुष्यात अण्णांचं नाव कुठल्याच घड्याळावर आलं नव्हतं. एरवी हातासरशी होणाऱ्या त्या कामाला त्यांना अख्खा पावसाळा लागला.

मशीन उताणं पास झालं, पालथं पास झालं. चावीची बाजू खाली करून उभं केलं आणि त्याची चाल मागे पडू लागली. ताईंनी पुन्हा लावून पाहिलं. तेच.

"ताई, मर्यादेच्या जरासंच बाहेर आहे," मी म्हणालो. "आणि हे विकायचं थोडंच आहे? कपाटात नुसतं दिसायचं."

"निस्तं दिसायचंच असंल तर फोटू लावा. सर्टिफिकेट कशाला?"

"मग दुसऱ्या कुणी जरा सुधारून दिलं तर?"

"मग नावबी त्येचंच कोरा."

मला संताप आला. ज्या माणसाबरोबर जन्म काढला, त्याच्याशी इतकं कोरडं वागायचं? मी आशेनं अण्णांकडे पाहिलं.

"बाई बराबर सांगत्यात," अण्णा म्हणाले. "माजा हात ऱ्हायला न्हाई आता."

ताईंनी नापासच्या शेऱ्याखाली सही केली. पुढे अण्णांना सांभाळायला त्या कोळवणलाच राहिल्या, त्यामुळे ती त्यांची इथली शेवटची सही.

अण्णा मशीन घेऊन आपल्या टेबलाशी गेले आणि उकलायला बसले. स्क्रू-ड्रायव्हर खाचेवरून घसरला. पुन्हा घसरला. आम्ही सगळे उगाच आपापल्या कामात डोकी घालून बसलो. कुणी पुढे होऊन मदत करावी तर नियम आडवा.

ताई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या. स्टूल ओढून अण्णांच्या शेजारी बसल्या. हत्याराला त्यांनी हात लावला नाही. अण्णांचं मनगट मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काडा आता."

एकेक स्क्रू निघाला. टिकटिक थांबली. भाग डबीत गेले, झाकण लागलं. ताईंनी मनगट सोडलं नाही.

"बाई, झालं की काम," अण्णा हळूच म्हणाले.

"असू द्या," ताई म्हणाल्या.