धोंडूदादाची बिनहवेची टाकी

मुलुंडला आमच्या अठरा इमारतींच्या संकुलाचं सांडपाणी जिथे शुद्ध होतं, तिथे धोंडूदादा एकोणतीस वर्षं ऑपरेटर होता. माणूस देवगडचा, बोलायला फटकळ. टाकीतले जंतू त्याला गोठ्यातल्या गुरांसारखे. ते सुस्तावले की स्वतः गूळ कालवून घालायचा, आणि हवेचा पंप दहा मिनिटं बंद पडला तरी साऱ्या संकुलाचा उद्धार करायचा. मी माणिक, तिथलाच पाणी तपासणारा. मला तो ‘बाटलीवाला’ म्हणायचा. मी चालवून घ्यायचो, कारण डब्यातला निम्मा बांगडा तो मला द्यायचा.

मागच्या वर्षी केंद्राचं नूतनीकरण झालं. जुन्या टाकीत मेंब्रेनचे गाळणपडदे बसवले; गाळ अडतो, पाणी स्वच्छ बाहेर येतं. त्याच्या आधीच्या टाकीत मात्र हवा सोडायची नाही, असं ठरलं. तिथल्या जंतूंना हवा मिळाली नाही की ते पाण्यातल्या नायट्रेटवर जगतात आणि नायट्रेट कमी होतं. हेच पाणी बागेतल्या तळ्यात जातं आणि नायट्रेटमुळे ते शेवाळाने हिरवं होत होतं, ते थांबवायला हा सगळा खटाटोप. हे तीन दिवस इंग्रजीतून भिंतीवर दाखवलं. धोंडूदादा मागे बसून मान डोलवत होता. कळलं का, असं त्याला विचारायची अक्कल आमच्यापैकी एकालाही सुचली नाही. मलाही नाही.

पाणी झकास आलं, नायट्रेट काही हलेना. चार महिने गेले. कंत्राटदार म्हणाला, मशीन ठीक आहे, तपासणारा चुकतोय. आमच्या इंजिनिअर श्वेता मॅडम आधी माझ्या बाजूने होत्या. मग त्यांनीही नोटीस दिली. महिनाअखेरपर्यंत खुलासा, नाहीतर घरी. माझं डोकं सणकलं होतं. धोंडूदादा रोज चहा आणून द्यायचा.

“तू खोटा लिवणस नाय, माका म्हायत आसा,” म्हणायचा.

शेवटचा उपाय म्हणून एकदा मी सकाळी सहालाच नमुना घ्यायला गेलो. एरवी दहाला घ्यायचो. बिनहवेच्या टाकीत नुसते बुडबुडे उठत होते. आणि हवेच्या झडपेच्या चाकावर धोंडूदादाचा हात. मी हादरलोच. आपण काय बघतोय, ते मला क्षणभर कळेना.

“दादा, काय करतोयस तू?”

“हवा देतंय. रोज तीन तास. मॅडम येवच्या आधी बंद करतंय,” तो शांतपणे म्हणाला. “शिकलेली माणसा ही, पण जितो जीव कोंडून ठेवतत. माका बघवना नाय.”

मी भडाभडा सगळं सांगितलं. इथे हवा दिली की जंतू नायट्रेटला तोंडच लावत नाहीत, आणि त्यापायी माझी नोकरी चाललीय. त्याने चाक फिरवून झडप बंद केली. चेहरा पांढराफटक पडला होता.

“म्हणजे ती नोटीस माझ्यापायी?”

साडेनऊला तो स्वतःहून मॅडमसमोर उभा राहिला आणि काहीही न लपवता बोलला. माझी नोटीस मागे घेतली गेली. त्याला टाक्यांवरून काढून गेटवर बसवलं, निवृत्तीला सात महिने उरले असताना. एवढी शिक्षा होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांत नायट्रेट इतकं खाली आलं, की माझा विश्वास बसेना, दोनदा तपासलं. त्याला आनंद होईल म्हणून कागद घेऊन गेटवर धावत गेलो. असला मूर्खपणा मीच करू जाणे.

त्याने आकडे वाचले आणि कागद परत दिला.

“म्हणजे मी थयसून गेलंय आणि सगळा बरा झाला.”

तसं नाही रे दादा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी कागदाची घडी घातली आणि टाक्यांकडे परत निघालो.