नारळाची कुस्ती

आखाड्याची माती खणून तिच्यात हळद, ताक अन् टेंभुर्णीच्या बाजारातलं तेल कालवून राह्यलो, की एक वास सुटतो. त्या वासासरशी माझा डावा खांदा ठणकतो. शाळेत मी गेलो न्हाई. जे शिकलो ते ह्याच मातीत, पाठीवर पडून. जत्रंत पहिली कुस्ती नारळाची, अन् ती हरायचा मान दरसाली माझा. लोकं जिंकणाऱ्याला न्हाई, पडताना माझं तोंड कसं होतं ते बघाया यायचे.

त्या साली शहरातल्या कॉलेजात शिकणारा सुदानचा एक गडी जत्रंत आल्ता. काळाकुळकुळीत, तुळईवानी उंच. मी शड्डू ठोकून लोकायला हसवलं, की ह्याच्या मुलखात नुसते सिंह अन् वाळू, कुस्ती कुठली. तो आखाड्यात उतरला, वाकला, मूठभर माती उचलून तळहाताला चोळली अन् माझ्या खांद्यावर टाकली, बराबर आपल्यावानी. माझं हसू तिथंच वाळलं. मंग त्यानं मला उचलून असं आदळलं, की वाळली फांदी मोडावी तसा खांदा वाजला अन् तोंड रगतानं भरलं. एक दात अजून त्या मातीत पेरलेला हाय. उगवला मातर न्हाई.

परक्यानं गावाचा माणूस पाडला, म्हणून गर्दी खवळली. पहिल्या दगडानं त्याचं कपाळ फुटलं. कुणी पालाचा बांबू उपसला. कपाळाचं रगत डोळ्यात उतरलेलं, तरी तो पळाला न्हाई. मी रांगत मधी गेलो, तर पुढचा दगड माझ्याच पाठीत.

"आरं, ह्या गावातल्या एकूणएक गड्यानं मला पाडलंय," मी म्हणालो. "तवा कुणी खडा उचलला न्हाई. आजच बरी माया आली?"

एक जण हसला. मंग दुसरा. हातातले दगड खाली पडाया लागले. मी पंचाकडून नारळ घेऊन त्याच्या हातात ठिवला.

लिंबाखाली त्यानं माझ्या बगलंत पाय रोवून खांदा खटकन बसवला, मी बोंबललो. मोडक्या हिंदीत सांगून राह्यला, की नाईलच्या काठी जुन्या भिंतींवर त्याच्या मुलखाचे पैलवान कोरलेत, हजारो वर्षांमागचे. त्याच्या मुलखात राजांचे पिरॅमिडबी हायेत. शाळेत शिकवलं न्हाई का, त्यानं इचारलं. मी म्हणलं, मास्तराचा दोष न्हाई, मीच गेल्तो न्हाई.

घरी लेकीला तिच्या इतिहासाच्या पुस्तकात आफ्रिकेतले हे पैलवान अन् पिरॅमिड हुडकाया लावले. तिनं पुन्हापुन्हा पानं चाळली.

"बाबा, पिरॅमिडचं चित्र हाय. पण आफ्रिका कुठंच लिवली न्हाई."

म्हंजी न शिकलेला मी अन् शिकलेली ती, दोघंबी चीत.

आता आखाड्यात गडी कमी येतेत. माती मातर मी मळतो. त्या नदीकाठी कुणीतरी अशीच मूठ उचलून समोरच्याच्या खांद्यावर टाकली आसंल. भिंतीवरची ती कुस्ती अजून सुटली न्हाई. दोघं एकमेकाला धरून उभेच. खांदा ठणकला, की त्यायची खुशाली कळाली, असं मी समजतो.