दीक्षेच्या सालापासून मोजलेल्या पंचवार्षिक योजना

अंजनाबाई,

सुरुवातीलाच सांगते, तुमच्या पेपराबद्दल माझा अंदाज चुकला. हे मी दोनदा लिहिणार नाही, तेव्हा नीट वाचून घ्या.

कोराडीहून बसने तुम्ही आमच्या दूरशिक्षण केंद्रात आलात, तेव्हा तुम्ही बासष्टच्या होतात. वीस वर्षं वीजकेंद्राच्या गेटासमोर खानावळ चालवलेली, लग्नानंतर बारावी केलेली. बी.ए.चे बाकी सगळे विषय निघाले. मी शिकवत होते ते 'सरकारी आर्थिक धोरण' मात्र दोनदा राहिलं. यंदा नोंदणीची मुदत संपत होती. नापास झाला असतात तर पदवी गेलीच होती.

तुमच्या डोक्यात मुद्दा शिरत नव्हता असं नाही. कारखान्याला वीज महाग आणि घराला स्वस्त का, हे मी चाळीस मिनिटं फळ्यावर मांडत होते. तुम्ही हात वर केलात.

"म्हंजे माह्या खानावळीसारखंच ना, शोभाताई? साहेब लोकाच्या फुल थाळीतून कंत्राटी पोरायची अर्धी थाळी निघे."

"आणि दर वाढला म्हणून साहेब यायचेच थांबले तर?"

"तं खानावळ बसते. म्हून साहेबाले पापड जास्तीचा."

वर्ग हसला. मी फळा पुसला. तेव्हापासून मी तो धडा पापडानेच शिकवते.

अडत होतं ते सनावळीत. तुमच्या घरच्यांनी छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तिथून घरात सगळं मोजतात. विहीर केव्हा खणली, तुमचे यजमान लहानूभाऊ केव्हा जन्मले, सगळं दीक्षेच्या आधी किंवा नंतर. तुम्ही पंचवार्षिक योजनाही तिथूनच मोजल्यात. घोकायला सोपं म्हणून मीही मान हलवली. पेपरात तसंच लिहाल, हे मला कसं सुचावं?

पेपर सुटल्यावर फाटकापाशीच तुम्ही मला ऐकवलंत, "पहिली योजना दीक्षेच्या पाच वर्षं आधी. दुसरी दीक्षेच्याच वर्षी. बँका सरकारच्या झाल्या तेराव्या वर्षी, अन् कारखान्याइचे परवाने सुटले पस्तिसाव्या."

"आणि सन?"

"सन काहून? दीक्षा कधी झाली ते कोणाले मालूम नाई?"

"अहो, पेपर तपासणारा कुठला असेल कोणास ठाऊक."

"मंग त्याले बी मालूम होईल."

लहानूभाऊ स्कूटर घेऊन उभे होते. "काय लिहून आली वं?"

"बराबर लिहून आली. ताईच मले नापास करून राहिल्या."

मनातल्या मनात मी खरंच केलं होतं. घरी गेले आणि निकालाची वाट न बघता फेरतपासणीचा अर्ज भरून ठेवला. तुम्हाला फोन केला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोन फोटो घेऊन या, आपण दोघी जाऊन देऊ.

निकाल तुमच्या नातीने, पायलने, मोबाइलवर वाचला. एकसष्ट गुण. पुढच्या रविवारी तुम्ही बंद खानावळीची चूल पेटवून अख्खा वर्ग जेवू घातलात. माझ्या ताटात दोन पापड होते.

"साहेबाचा दर लावू का, ताई?" तुम्ही विचारलंत. मी दुसरा पापडही खाल्ला.

फोटो तुम्ही काही आणले नाहीत. अर्ज अजून माझ्या पर्समध्ये आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: विद्यार्थिनीची सनावळी वेगळी आहे, उत्तरं बरोबर आहेत.