चन्नाप्पाच्या कपाळावरचे चर

जरीना मुजावरचा राग उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होता. कधी उतू जाईल याचा नेम नसे; पण उगाच कधी गेला नाही, हेही तितकंच खरं. दोन हजार सहा साली शिवप्रसादच्या दुकानात लाकूड कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं, तेव्हापासून चित्रांच्या रेघा काढायचं काम तिच्याकडे. फोटो पडद्यावर घ्यायचा आणि माउसनं त्यावर एकेक रेघ ओढायची. मशीनला ना नाक कळतं, ना डोळा. रेघ दिसली की ते खोदत सुटतं.

शिवप्रसादला एवढा धीर कुठला? आपोआप रेघा काढणारं एक बटण प्रोग्रॅममध्ये होतं, त्याच्यावर त्याचा भारी जीव.

"बटणाला डोळं असत्यात व्हय?" जरीना फटकारायची.

ती नणंदेच्या लग्नाला इचलकरंजीला गेली, आणि मालकानं बटण दाबलंच.

फोटो होता बसम्माच्या मुलाचा. गडहिंग्लजकडची ही म्हातारी. तिचा चन्नाप्पा उसाच्या ट्रॉलीखाली सापडला आणि डोक्याला मार लागून गेला. त्याचा हा एवढाच फोटो मागं राहिलेला. घरात लावायला तिला त्याचा चेहरा सागवानी फळीवर हवा होता. अंघोळ झाली की ती रोज फोटोच्या कपाळाला विभूती लावायची. वर काच नव्हती, त्यामुळे कागदावर तीन पांढरे पट्टे कायमचे बसलेले. बटणानं त्या पट्ट्यांच्याही रेघा काढल्या आणि मशीननं इमानदारीत खोदल्या. चन्नाप्पाच्या कपाळावर बोट बुडेल असे तीन चर पडले.

जरीना परतली तेव्हा बसम्मा त्या फळीसमोर उभी होती.

"मेल्यावर बी माझ्या लेकाचं डोस्कं फोडलासा की रं!"

शिवप्रसादनं सरळ जरीनाकडे बोट दाखवलं. "रेघा ही बाई काढती."

मग काय विचारता! जरीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं बोलू नगासा, मालक! सकाळी सोताच्या कपाळाला हीच तीन बोटं वडून येतासा, आन् फोटोवरची इबूत तुमास्नी वळखाय आली न्हाय? मी मुसलमानाची बाई, मला वळखाय येती!"

मालकाचा हात आपसूक कपाळाकडे गेला. "चर लांबीनं बुजवून वर पॉलिश मारून दिऊ की," तो पुटपुटला.

"माणसाचं कपाळ हाय, भितीचं भोक न्हवं!"

तिनं ती फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली, बसम्माला हाताला धरून शेजारी बसवलं आणि नव्यानं रेघा ओढायला घेतल्या. रागानं तिचे कान अजून तापलेले होते. विभूती सोडली, कपाळ मोकळं केलं. डाव्या भुवईवर एक बारीक तिरपी रेघ होती. बटणानं ती डाग समजून गाळली होती.

"ही कागदाची घडी हाय न्हवं, अव्वा? सोडू?"

बसम्मानं पडद्यावर बोट टेकवलं. "ऱ्हाऊ दे ती. बारका हुता तवा उलथनं फेकून मारलतं मी. घरात पीठ न्हवतं, आन् ह्यो आनखी भाकरी मागत हुता."

जरीनानं माउस त्या भुवईवर आणला. रेघ ओढली, पुसली आणि पुन्हा नीट ओढली.

"वरवर कोरू का खोल, अव्वा?"

"खोल," बसम्मा म्हणाली. "रोज हाताला लागली पायजे."