पोपटाची नवी शेपटी

ठाकुर्लीच्या भरतकामाच्या क्लासवरून शालनताई आल्या त्या चपला भिरकावतच, आणि त्यांनी आधी भिंतीवरची फ्रेम खाली काढली. लग्नाआधी आईच्या धाकात भरलेला हिरवा पोपट होता तो. एक टाका वाकडा पडला की आई अख्खी ओळ उसवायला लावायची. आज मात्र लेकीच्या वयाच्या ऐश्वर्या मॅडमनी साखळी टाक्याच्या कड्या मुद्दाम लहानमोठ्या, सैल, तिरक्या घालायला शिकवल्या होत्या. तेव्हापासून शालनताईंचे हात नुसते शिवशिवत होते.

काच निघाली, सुईत लाल दोरा ओवला गेला आणि पोपटाला झुलती, वेडीवाकडी शेपटी फुटू लागली.

“अगं, चाळीस वर्षांची वस्तू! बिघडवतेस कशाला?” त्यांचे यजमान तानाजीराव ओरडले.

“चाळीस वर्षं शिस्तीत बसून अंग आखडलंय बिचाऱ्याचं,” शालनताई सुई न थांबवता म्हणाल्या, “आणि माझंही.”