काळ्या खडकावरचे पांढरे बूट

उद्या आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. तिची बॅग भरताना बाजूच्या कप्प्यातून आलेपाकाचा वास आला आणि आमच्या कोथरूडच्या घरातून मी थेट त्या ज्वालामुखीच्या बेटावर पोहोचले.

खूप वर्षं झाली. क्रूझवरून छोट्या रबरी होडीने आम्हाला प्राणी बघायला बेटावर उतरवलं होतं. बोट लागू नये म्हणून मी आईला सकाळपासून आलेपाक चघळायला लावला होता. लाव्हाचा काळा खडक शेवाळाने निसरडा झाला होता आणि आईचा गुडघा नुकताच बदललेला. सगळे समुद्री घोरपडी बघत होते, मी तिचे पांढरे बूट.

"आई, तिथे ओलं आहे. हात धर."

"अगं, घोरपडी बघ. माझे पाय बघायला घरी आहेतच."

ती दमून खडकावर टेकली, तोच समुद्रसिंहाचं एक पिल्लू सरपटत तिच्या पायांशी आलं. वाटाड्याने तर लांब राहायला बजावलेलं, आणि आईला पटकन उठता येणार नव्हतं. आईने पाय हळूच आखडून घेतले आणि त्याला म्हणाली, "या, बसा. चहा मात्र मिळणार नाही."

पिल्लू बूट हुंगून निघून गेलं. परतताना होडीत उलटी झाली ती मला.

आज त्या बेटावरची एकही घोरपड मला आठवत नाही. ते बूट तेवढे लख्ख दिसतात.

ऑपरेशनआधी आईला काही खायचं नाही, म्हणून आलेपाकाची पुडी टाकायला मी उठले, तर पलंगावरून आई म्हणाली, "राहू दे ती. उद्या बाहेर बसायचंय तुला."