गळ टाकू नका

पाण्याखाली डोळे उघडायचे नाहीत, हे पुंजाराम नरवडेने स्वतःच स्वतःला शिकवले होते. भोकरदन तालुक्यातल्या विहिरींचे पाणी आठ-दहा हातांखाली काळेच असते. डोळे उघडले तर गाळ जातो, आणि दिसत काहीच नाही म्हणून भीती वाटते ती वेगळी. तिथे काम हाताने. मोटारीचा नट, फुटव्हॉल्व्हची जाळी, कपारीत अडकलेला दोर, सगळे बोटांना कळते. पिंपळगाव रेणुकाई आणि आसपासच्या वीसेक गावांतल्या विहिरी तो अशा बोटांनी ओळखतो. वय अठ्ठावन्न. बत्तीस वर्षे हेच काम.

मोटारींखेरीज तो माणसे काढतो. विहिरीत कुणी गेले की पोलीस पाटलाच्या आधी पुंजारामला फोन जातो. त्याच्यासोबत फकरोद्दीन असतोच. फकरोद्दीनचे बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. पुंजाराम खाली उतरला की वर दोर त्याच्या हातात. एक झटका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देऊन पुंजाराम कधी उतरला नाही.

त्याचा एक नियम होता, आणि तो आता त्या पट्ट्यातल्या सगळ्यांचा झाला होता. माणसाला गळ लावायचा नाही. विहिरीत पडलेली बादली काढायचा तीन आकड्यांचा लोखंडी गळ असतो. तो दोराला बांधून खाली फिरवायचा आणि जे लागेल ते ओढायचे. बावीस वर्षांपूर्वी पुंजाराम पोचायच्या आत लोकांनी एका बाईला तसे काढले होते. तिच्या आईने तिचा चेहरा पाहिला. पुंजारामने त्या आईला पाहिले. त्यानंतर फोन आला की तो आधी तेवढेच सांगायचा, “गळ टाकू नका, मी येतो.” आणि तासाभरात पोचायचा.

गेल्या डिसेंबरात तो अंदमानला होता.

मुलगा राजानंद जालन्याला टपाल खात्यात आहे. केंद्राच्या नोकरदारांना काही वर्षांतून एकदा लांबच्या प्रवासाची सवलत मिळते. आईवडील अवलंबून असतील तर त्यांनाही. ऑफिसातली निम्मी माणसे जाऊन आली होती. राजानंदने आईला, वडलांना, बायकोला आणि सात वर्षांच्या स्वराला घेऊन जालन्याहून हैदराबाद, तिथून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर आणि पुढे बोटीने नील बेट गाठले.

मंगळवारी सकाळी किनाऱ्यावरच्या गाइडने पुंजारामच्या अंगात लाइफ जॅकेट घातले.

“हे घातल्यावर बुडायचं कसं?” पुंजारामने विचारले.

“आबा, बुडायचं न्हाई. वरून बघायचं,” राजानंद म्हणाला.

“वरून काय दिसतं पान्यात?”

चष्मा चढवला, नळी तोंडात दिली. पुंजारामने पाण्यात तोंड घातले आणि सवयीने श्वास कोंडून धरला. दीड मिनिट झाले. नळीतून ना फुंकर, ना आवाज. गाइड घाबरून त्याचे डोके वर काढू लागला. “चाचा, साँस लो! साँस लेने के लिए ही नली है!” पुन्हा तोंड घातले. या वेळी श्वास घेतला, पण गाइडने काचेतून पाहिले तर चाचांचे डोळे गच्च मिटलेले. बायको कौसल्या किनाऱ्यावर पदर खोचून बसली होती. तिला हसू आवरेना.

“आजोबा, उघडा ना डोळे! मी बघा कशी बघते,” स्वरा ओरडली.

पुंजारामने डोळे उघडले. मासे नंतर दिसले. आधी दिसले ते स्वतःचे हात. काचेसारख्या पाण्यात, दहाही बोटे, डाव्या अंगठ्यावरचा पुलीचा जुना व्रण, सगळे लख्ख. मग खाली प्रवाळ, कोबीच्या गड्ड्यांसारखा, आणि हळदीच्या रंगाचे मासे बोटांच्या मधून निघून जात होते. तो अर्धा तास बाहेर आला नाही. आल्यावर कौसल्येला एवढेच म्हणाला, “हात दिसत्यात अगं.”

“इथं वर दिसत न्हाईत का?” ती म्हणाली.

बुधवारी ते बॅगा घेऊन धक्क्यावर पोर्ट ब्लेअरच्या बोटीच्या रांगेत उभे होते. वारा सुटला होता. दहाच्या सुमाराला फोन वाजला.

“पुंजाभाऊ, कुठं हायेस?”

“नावेच्या रांगेत. का रे?”

“अबुबकर गेला.” फकरोद्दीनचा आवाज सपाट होता. “गजाननच्या विहिरीत. सकाळी बुडातली मोटार बघायला गेल्ता. चप्पल वर हाय, पिशवी वर हाय. पोरगा न्हाई.”

अबुबकर फकरोद्दीनचा थोरला. एकतीस वर्षांचा, बापाबरोबर दुकानात काम करायचा. गावातला शेतकरी गजानन याच्या गव्हाला पाणी द्यायचे होते आणि मोटार पाणी उचलत नव्हती. एरवी असल्या कामाला पुंजारामला बोलावत. पुंजाराम गावात नव्हता, म्हणून अबुबकर स्वतः लोखंडी पायऱ्या उतरला.

“लोक गळ घेऊन आलेत,” फकरोद्दीन म्हणाला. “मी म्हन्लं, हात लावू नका.”

“गळ टाकू नका. मी येतो. परवा उजाडायला विहिरीवर हाय मी.”

“बराबर येशील ना?”

“येतो म्हन्लं ना.”

वीस मिनिटांनी खिडकी बंद झाली. बाहेर कागद चिकटवला गेला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा, पुढील सूचनेपर्यंत सर्व फेऱ्या रद्द. रांग मोडली, लोक त्या कागदाचे फोटो काढू लागले. पुंजाराम खिडकीपाशीच उभा राहिला. आतला माणूस त्याला हिंदीत सांगत होता की बाबा, माझ्या हातात काही नाही. पुंजारामला ते कळत होते. तरी तो तासभर हलला नाही.

दुपारपर्यंत राजानंदने विमानाची तिकिटे पुढे ढकलली, दोनदा खासगी बोटवाल्यांना विचारले, दोनदा नाही ऐकले. संध्याकाळी तो वडलांना म्हणाला, “आबा, त्यांना सांगा, वाट बघू नका म्हनावं.”

“उद्या सुटंल नाव.”

“सुटली तरी परवा पोचत न्हाई आपन.”

पुंजारामला वाटत होते की नाव सुटेल. आणि आपण नाही म्हटले तर गळ पडेल, हेही वाटत होते. यातले जास्त कुठले, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

फकरोद्दीनचा फोन दर दोन-तीन तासांनी येत होता. दोन मोटारी लावून विहीर उपसायला घेतली. पाणी सहा हात उतरले आणि लाइट गेली. लाइट येईतो झऱ्यांनी परत भरले. तालुक्याहून मदतीला माणसे आली, त्यांच्याकडेही शेवटी गळच होते. फकरोद्दीन विहिरीच्या कठड्यावर बसून होता. कुणी दोर सोडायला आले की तो उठून मध्ये उभा राहायचा. पुंजा येऊन राह्यलाय, म्हणायचा. तिकडे शहाजादी, फकरोद्दीनची बायको, घरी कफन आणून ठेवून बसली होती.

गुरुवारी सकाळीही कागद तोच होता. हॉटेलच्या ओसरीत अडकलेली माणसे कॅरम खेळत होती. नागपूरचे एक जोडपे जेवणाच्या बिलावरून मालकाशी हुज्जत घालत होते. समुद्राकडे जायला बंदी होती. स्वरा आजोबांजवळ येऊन बसली.

“आजोबा, एवढ्या वाऱ्यात मासे कुठं गेले असतील?”

“खाली.”

“खाली वारा नसतो?”

“खाली काहीच नसतं बाळा.”

कौसल्या दारात उभी होती. तिने स्वराला सुनेकडे पाठवले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती. त्याच्या कामाबद्दल ती कधी बोलली नव्हती. विहिरीवरून आला की अंघोळीचे पाणी ठेवायची, एवढेच.

“अहो, तुमच्या शब्दापायी त्या लेकराला पान्यात ठिवलंय त्यांनी,” ती म्हणाली. “दुसरा दीस हाय.”

“गळानं काढू म्हन्तीस?”

“मी काय म्हनू? पन तुम्ही सांगितल्याबिगर फकरूभाऊ हलनार न्हाई, ते तुमाला बी म्हाईत हाय.”

दुपारी एकला पुंजारामने स्वतःहून फोन लावला. रेंज ओसरीच्या एकाच कोपऱ्यात मिळत होती. तिथे तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“निघालास?” फकरोद्दीनने विचारले.

“न्हाई. नाव न्हाई. कवा सुटंल सांगता येत न्हाई. फकरू, गळ घे.”

वाऱ्याचा आवाज कुठल्या बाजूचा, ते कळेना.

“तूच म्हन्ला होतास—”

“म्हन्लो होतो. आता मीच सांगून राह्यलो. ऐक. पोतं घे. तिन्ही आकड्यांना गुंडाळ, सुतळीनं गच्च आवळ. टोक उघडं ठिवू नको. उत्तरेची बाजू धर. पायऱ्या संपल्या की चार हात खाली कपार हाय, आत वाकून मानूस मावतो एवढी. गळ मधी सोडू नको, भिताडाला घासत सोड. कपार लागली की दोर हलका पडंल. मंग हळू. झटका द्यायचा न्हाई बिलकुल.”

बोलताना त्याचे डोळे मिटले होते आणि रिकामा हात ओसरीच्या भिंतीवरून खाली सरकत होता, एखादी कड शोधावी तसा. राजानंद मागे उभा राहून ते बघत होता.

“दोर कुनी धरायचा?” फकरोद्दीनने विचारले.

“तूच धर. दुसऱ्याला कळनार न्हाई.”

चार वाजता फोन आला.

“निघाला,” फकरोद्दीन म्हणाला. “कपारीतच व्हता. सदऱ्याच्या कॉलरमधी अडकला गळ. अंगाला काही न्हाई. तू सांगितलं तसंच केलं.”

“कॉलरमधी?”

“हां. अंगाला काही न्हाई.”

भोकरदनला शवविच्छेदन झाले आणि शुक्रवारी सकाळी दफन. नाव शनिवारी सुटली. पोर्ट ब्लेअरला आणखी एक दिवस गेला, चेन्नईला सात तास. मंगळवारी दुपारी नरवडे कुटुंब जालना स्टेशनवर उतरले. राजानंद बायको आणि मुलीसह घरी गेला. पुंजाराम आणि कौसल्या तशाच बॅगा घेऊन भोकरदनच्या एसटीत बसले.

पुंजाराम घरी न जाता दुकानावर गेला. फकरोद्दीन एका मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्याने स्टूल पुढे सरकवले, चहा सांगितला. दोघांनी चहा संपवला.

“पोहायला येत होतं त्याला,” शेवटी फकरोद्दीन म्हणाला. “तूच शिकवलं होतंस. पडतानाच डोकं आपटलं असंल. शुद्धीत नसंल तो. समदे तसंच म्हनत्यात.”

“तसंच असंल,” पुंजाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कौसल्या शहाजादीला भेटून आली. चुलीपुढे बसून तिने भाकरी थापायला घेतली आणि वर न बघता सांगितले. गळ कॉलरमध्ये अडकला नव्हता. एका आकड्याचे पोते दगडाला घासून फाटले होते. मानेला लागला होता, कानाखाली. गुस्ल देताना, दफनाआधीची अंघोळ घालताना, फकरोद्दीनने स्वतः तिथे कापूस ठेवला आणि शहाजादीला चेहरा एकाच बाजूने दाखवला. दुसरी बाजू तिने नंतर स्वतःच बघितली.

“तुमाला सांगू नको म्हन्ली ती,” कौसल्या म्हणाली.

“मंग कशाला सांगितलंस?”

तिने भाकरी तव्यावर टाकली.

आठवड्याने गजाननचा निरोप आला. मूळची मोटार तळालाच होती, केबल अडकून बसली होती, वर येत नव्हती. पुंजाराम विहिरीवर गेला तेव्हा फकरोद्दीन आधीच येऊन बसला होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. त्याच्या खांद्यावर दोर होता. त्याने तो पुंजारामच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

कपारीपाशी आल्यावर पुंजारामने डोळे उघडले. अंदमानानंतर पहिल्यांदाच. काही दिसले नाही, हातसुद्धा नाही. त्याने ते पुन्हा मिटून घेतले आणि बोटे पुढे केली.

केबल कपारीच्या आत होती. गळाने ओढली असती तर ती बाहेर आली असती. ही आत खेचली गेली होती, आणि तिला पीळ होता. एक, दोन, तीन, चार वेढे. पाण्याने असे वेढे पडत नाहीत. कुणीतरी ती हाताला गुंडाळून, सोडून, पुन्हा गुंडाळून ओढली होती, आणि वर जायची वाट समजून कपारीच्या छताखाली शिरले होते. बेशुद्ध माणूस केबल ओढत नाही.

पुंजारामने एकेक वेढा सोडवला. श्वास संपत आला तरी शेवटचा वेढा सुटेपर्यंत तो थांबला. मग दोराला दोन झटके दिले.

वर आल्यावर तो कठड्यावर बसून धापा टाकत राहिला. फकरोद्दीनने त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. गजानन आणि दोघे जण केबल धरून मोटार ओढायला लागले होते. ती आता सहज येत होती.

“कपार बघितलीस?” फकरोद्दीनने हळू विचारले.

“बघितली.”

“काही व्हतं?”

“न्हाई. मोकळी हाय.”

फकरोद्दीनने त्याच्या तोंडाकडे पाहिले. जरा जास्तच वेळ. मग खाली बसून त्याच्या कमरेची गाठ सोडली. ती ओली होऊन आवळली होती, त्याला वेळ लागला. दोर पिळून त्याने वेटोळे केले आणि खांद्यावर टाकले.

“चल,” तो म्हणाला. “ओल्या अंगानं बसू नको.”